थेट स्वर्गापर्यंत सलाम

सकाळपासून कोणी कोणावर ओरडलं नव्हतं. बारालेसांच्या घरात हे लक्षण काही बरं नव्हे.

पवित्र क्रूसाचा सण होता. गल्लीची दोन्ही तोंडं दोर बांधून बंद केली होती, या गच्चीपासून त्या गच्चीपर्यंत पिवळी ताडपत्री ताणली होती आणि तिच्याखाली लेओबार्दो स्पीकरवर स्पीकर चढवत होता. हाताखाली माणसं नव्हती असं नाही, पण दुसऱ्यानं रचलेली थप्पी त्याला कधी सरळ दिसायचीच नाही. वय छप्पन्न, कमरेला पट्टा. सगळ्यात वरच्या पेटीवर हिरवं कासव रंगवलेलं होतं आणि खाली नाव, 'सोनिदो ला तोर्तुगा', म्हणजे 'कासव साउंड'. एक कर्णा आणि सात तबकड्या घेऊन त्याच्या बापानं, निकानोरनं, हा रस्त्यावरच्या नाचाचा संसार मांडला, त्याला आता पंचावन्न वर्षं झाली.

ओफेलिया लाकडी पळी हातात घेऊनच बाहेर आली. ती भावंडांत थोरली. पळीवरून मोलेचा काळा रस्सा तिच्या चपलेवर ठिबकत होता.

"काय ठरवलंस?"

"कशाचं?"

"वेड पांघरू नकोस, लेओ. माइकचं. आज बाबांच्या हातात माइक द्यायचा नाही. तू घे."

"मी घेतला तर गल्ली काय म्हणेल, ताई? म्हातारा एकदा चुकला काय, मुलगा टपूनच बसला होता."

"टपून बसला होतासच की."

लेओबार्दो हसला नाही. विमान अगदी डोक्यावरून गेलं, तेवढा वेळ दोघंही गप्प राहिले. विमानतळाला लागूनच्या या वस्तीत, पेन्योनात, माणूस अर्ध्या वाक्यात थांबतो, विमान जाऊ देतो आणि मग उरलेलं अर्धं बोलतो. आमच्याकडं आलेली नवी सून आधी हे शिकते, मग स्वयंपाक.

"चौतीस वर्षं झाली," तो म्हणाला. "ते बोलायला लागले की मी गाणं खाली घेतो, ते थांबले की वर. हेच केलंय मी. पण असा नकोय मला माइक. चोरून घेतल्यासारखा."

"आणि एफ्राइनचं काय?"

एफ्राइन म्हणजे धाकटा भाऊ. बावीस वर्षांपूर्वी शिकागोला गेला तो गेला. कागदपत्रं नाहीत, त्यामुळं तिथून निघाला असता तर परत शिरता आलं नसतं. नोव्हेंबरात आई वारली, सेनाइदा, तेव्हाही तो मातीला आला नाही. पण दर रविवारी फोन मात्र न चुकता करायचा. गेले तीन रविवार फोन नाही, आणि इकडून केला तर उचलत नाही.

झालं होतं ते असं. नाच रंगात आला की तबकडीवर बोलायचं आणि नावं घेऊन सलाम द्यायचे ही सोनिदोची रीत. लोक चिठ्ठ्या देतात, कोणाचा भाऊ लॉस एंजेलिसला, कोणाची लेक टेक्ससला, आणि तो सगळा आवाज कॅसेटवर भरून तिकडं पाठवला जातो. आधी जिवंतांना सलाम. मेलेल्यांना शेवटी, आणि तोही 'थेट स्वर्गापर्यंत' असं म्हणून. या दोन याद्या कोणी एकमेकींत मिसळत नाही. लग्नात चुकून भलत्याच नवरीचं नाव घेतलेलं एक वेळ खपेल. सेनाइदाचा दुखवटा संपल्यावर तीन आठवड्यांपूर्वी पलीकडच्या गल्लीत तोर्तुगा पहिल्यांदा वाजली, शेवटी निकानोरनं वरची, म्हणजे मेलेल्यांची यादी घेतली, आणि अख्ख्या गल्लीसमोर, अख्ख्या गल्लीच्या मोबाइलसमोर, एफ्राइनला थेट स्वर्गापर्यंत सलाम दिला.

ती संध्याकाळ संपायच्या आत तो व्हिडिओ शिकागोला पोचला होता.

*

अनाही काल विमानानं आली होती. एफ्राइनची मुलगी, वीस वर्षांची, तिकडेच जन्मलेली, म्हणून तिला येण्याजाण्याची मुभा. आजोबांचं घर सगळं फोटोत पाहिलेलं. आत्यानं तिला मिठी मारली, पोटभर जेवू घातलं आणि कशासाठी आलीस हे विचारलं नाही. सगळ्यांना माहीत होतं.

निकानोर मागच्या खोलीत फ्लॅनेलच्या फडक्यानं तबकड्या पुसत बसला होता. एक्याऐंशी वर्षांचा माणूस, पण खुर्चीत पाठ टेकत नव्हता. ती दारात उभी राहिली.

"ये. कालपासून या दारावरून सात वेळा गेलीस," तो म्हणाला. "विचार काय ते."

तिनं विमानात खूप काही जुळवून ठेवलं होतं. त्यातलं एकही वाक्य आठवेना.

"आजोबा, तुम्ही मुद्दाम म्हणालात?"

"नाही."

"मग?"

"माहीत नाही, पोरी. ओफेलियानं घरी आल्यावर मला ऐकवलं. मी म्हटलं, हे मी बोललोच नाही, कोणीतरी माझी नक्कल केलीय." त्यानं तबकडी प्रकाशाकडं धरली, धूळ नव्हती तरी परत पुसली. "माझाच आवाज होता."

"पप्पांनी ते दोनदा ऐकलं. मग उठून फरशी पुसायला लागले. आमच्या घरी रविवारी फरशी कोणी पुसत नाही." तिचा आवाज चढला. "मला म्हणाले, आईच्या मातीला गेलो नाही ना मी, म्हणून बाबांनी मला तिच्याबरोबरच पुरून टाकलं."

फडकं थांबलं.

"मीच सांगितलं होतं त्याला येऊ नकोस म्हणून," निकानोर म्हणाला. "फोनवर. आलास तर अडकशील, पोरीचं शिक्षण राहील, इथं आम्ही आहोत. मीच सांगितलं. आणि मीच पुरीन त्याला?"

अनाहीला आजोबांवर राग काढायचा होता, पण समोर बसलेल्या माणसाला तिच्यापेक्षा जास्त काही कळत नव्हतं, आणि तसल्या माणसावर रागावणार तरी कसं?

"आमच्याकडं तुमच्या सगळ्या कॅसेटी आहेत," ती म्हणाली. "नंतरच्या सीड्यासुद्धा. पप्पा राजमा शिजायला टाकतात आणि तुम्हाला लावतात. दर रविवारी. मी लहानपणी खुर्चीवर उभी राहून चमच्यात तुमचे सलाम म्हणायचे."

"खोटं."

"तोंडपाठ आहेत मला."

"म्हण बघू."

ती आधी लाजली. मग तिनं हनुवटी वर केली, आणि त्या खोलीत निकानोरचाच सूर उमटला, तोच मोडका खर्ज, शब्दाचं शेपूट ओढायची तीच सवय. "सलाम, सलाम, सलाम! टेकडीवरच्या पोरांना आणि टेकडीखालच्या पोरांना! माझ्या बहिणीला, पुएब्लात! माझ्या साडूला तिहुआनात, त्याच्या मिशांसकट! आणि ही इथं माझ्या शेजारी उभी आहे ती सेनाइदा आणि तो तिकडं थंडीत उभा आहे तो एफ्राइन, सेनाइदा आणि एफ्राइन, कासवाच्या पाठीवर दोघं!"

म्हातारा हसला होता. मग हसू उतरलं.

"तिचाच हट्ट तो," तो म्हणाला. "माझ्याशेजारी उभी राहून कोपर मारायची. मला तिथं जाता येत नाही ना, मग निदान नावाला तरी मला त्याच्याजवळ ठेव, म्हणायची." तो एकदम पुढं झुकला. "आता वरची यादी म्हण. माझी आई, माझा बाप, आणि सेनाइदा."

"तसं तुम्ही कधी म्हणालाच नव्हतात."

"म्हणून बघ."

"थेट स्वर्गापर्यंत सलाम," अनाही म्हणाली, त्याच चालीत. "माझी आई पेत्रा, माझा बाप अबुंदिओ, आणि सेनाइदा आणि एफ्रा…"

तिनं तोंडावर हात ठेवला.

निकानोर तिच्याकडं बघत राहिला. त्याचे डोळे भरून आले आणि त्यानं ते लपवले नाहीत.

"तिला मी वर नेलं," तो म्हणाला, "आणि हा तिचा पदर धरून गेला मागोमाग. बावीस वर्षं एका श्वासात घेतली होती गं मी दोघांना."

*

ओफेलियानं हे सगळं दाराआडून ऐकलं. चोरून ऐकणं वाईट हे तिला माहीत होतं, पण या घरात ती अठ्ठावन्न वर्षं राहिली होती आणि जे काही कळलं ते दाराआडूनच कळलं होतं.

जेवायला चौघं बसली. टेबलावर मोले, तांबडा भात, कापडात गुंडाळलेल्या मक्याच्या गरम तोर्तिया, जास्वंदीचं सरबत. लेओबार्दोला सांगायचं काम ओफेलियानंच केलं. तो घास हातात धरून ऐकत होता.

"बरं," तो शेवटी म्हणाला. "म्हणजे राग नव्हता. जीभ घसरली. ठीक आहे. पण ताई, जीभ आपोआप घसरत असेल तर ती आजही घसरेल. उलट आता नक्कीच घसरेल."

"आज बाबाच बोलतील."

"सकाळी पळी घेऊन काय सांगत होतीस मला?"

"सकाळी मला माहीत नव्हतं."

"वा! सकाळी लेओ, दुपारी बाबा. संध्याकाळपर्यंत कोणाकडं जाणार आहेस, तेवढं सांगून ठेव."

"काका," अनाही मध्ये पडली, "फोनवरून सांगितलं तर नाही चालणार? आजोबा बोलतील, पप्पा ऐकतील…"

या एका बाबतीत मात्र बाप-लेक एकाच वेळी 'नाही' म्हणाले. माइकवर बिघडलेलं माइकवरच नीट होतं. ज्या लोकांनी ऐकलं त्यांच्यासमोर. फोनवर मागितलेली माफी घरातल्या घरात राहते आणि एफ्राइन पेन्योनात मेलेलाच राहतो. परवाच कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या बायकोनं ओफेलियाचे हात हातात घेतले होते, 'किती तरणा होता गं,' म्हणाली होती.

"मग मी बोलतो," लेओबार्दो म्हणाला. "स्वच्छ सांगतो. माझा भाऊ जिवंत आहे, चूक झाली. दोन वाक्यं."

"तू म्हणालास तर त्याला वाटेल, भावाला दया आली," निकानोर म्हणाला. "मारलंय मी. उठवायचं तर मीच."

"आणि परत मारलंत तर?"

लेओबार्दोलाच ते जास्त झालं असं वाटलं असावं, कारण त्यानं बापाच्या ताटात न मागता तोर्तिया वाढली.

जेवण झाल्यावर ओफेलियानं बापाला वरची यादी म्हणायला लावली. माइकच्या जागी मिठाची बाटली. पहिल्या वेळी तो 'सेनाइदा आणि' पर्यंत गेला आणि थांबला. दुसऱ्या वेळी सबंध चुकला. तिसऱ्या वेळी 'आई, बाप' एवढंच म्हणाला आणि पुढं नाव निघेचना. ओफेलियाला तेव्हा उमगलं. त्याची जीभ एफ्राइनपाशी अडखळतच नव्हती. बायकोचं नाव एकटं घ्यायला लागलं की अडखळत होती. सहा महिने झाले, कबरीवर फुलं नेली, तिचे कपडे वाटले, आणि या माणसानं अजून तिला एकटीला कुठं जाऊ दिलं नव्हतं. तिला रडू आलं. ती भांडी उचलायला लागली.

"एक सांगतो," लेओबार्दो उठताना म्हणाला. "माइकचा आवाज माझ्या हाताखाली असतो. तुम्ही चुकायला लागलात तर मी बंद करीन. लोक हसले तरी बंद करीन."

"कर," निकानोर म्हणाला.

अनाही अंगणात जाऊन फोन लावत होती. परत आली तेव्हा तिघंही तिच्याकडं बघत होते.

"उचलला. ऐकेन असं नाही म्हणाले," ती म्हणाली. "फोन चालू ठेव म्हणाले."

*

पाचच्या सुमारास गल्ली भरली. मधे गोल मोकळा ठेवलेला, त्यात जोडी उतरे, लोक टाळ्या देत, मग दुसरी जोडी. अकॉर्डियनवाली एक जुनी कुंबिया, नाचाची धून, निकानोरच्या आवडीप्रमाणे किंचित मंद केलेली, म्हाताऱ्या गुडघ्यांनाही झेपेल अशी. शिंप्याची बायको नवऱ्याला फिरवून फिरवून दमवत होती. लेओबार्दो यंत्रापाशी उभा होता. उजवा हात गाण्याच्या खटक्यावर, डावा माइकच्या.

निकानोरनं चष्मा लावून चिठ्ठ्या वाचल्या. जिवंतांचे सलाम झाले. टेकडीवरची पोरं, पुएब्लातली बहीण, साडूच्या मिशा. आणि जिथं दोन नावं यायची तिथं तो काहीच बोलला नाही, पुढं गेला. लोकांच्या ते ध्यानात आलं. नाचणारे पाय तेवढ्यापुरते ढिले झाले.

अनाही फोन छातीशी धरून स्पीकरच्या बाजूला उभी होती. ओफेलिया उंबऱ्यात.

"थेट स्वर्गापर्यंत सलाम," निकानोर म्हणाला. लेओबार्दोनं गाणं खाली घेतलं. "माझी आई, पेत्रा. माझा बाप, अबुंदिओ. माझी सेनाइदा…"

आणि 'आणि' आलं. लेओबार्दोनं ते ऐकलं, म्हणजे म्हाताऱ्याच्या घशात तयार होताना ऐकलं, चौतीस वर्षांच्या सवयीनं. डावा हात खटक्यावर घट्ट झाला. अंगठ्याखाली थोडासा जोर, बस. काम झालं असतं. पुढचं तो बोलला असता, स्वच्छ, दोन वाक्यांत.

त्यानं माइक बंद केला नाही. का, ते त्याला सांगता येणार नाही. बापाची मान त्याला मागून दिसत होती, सण म्हणून नवी कॉलर, आत सुकलेली मान.

"सेनाइदा," निकानोर परत म्हणाला. श्वास घेतला. "एकटी. ती एकटीच गेलीय, लोकहो. तिच्याबरोबर मी कोणाला पाठवलेलं नाही. तीन रविवारांपूर्वी मी चुकलो. सेनाइदा बारालेस, एकटी, थेट स्वर्गापर्यंत सलाम." आवाज चिरकला. गोलातली जोडी उभी राहिली. मग त्यानं माइक दुसऱ्या हातात घेतला. "आणि आता शिकागोला. जिवंत आहे तो. पंचेचाळीस वर्षांचा आहे, धडधाकट आहे, आणि बापावर रागावलाय, बरोबरच आहे त्याचं. एफ्राइन बारालेसला सलाम. एफ्राइन आणि…"

जीभ परत अडली. तिला शेजारी कोणीतरी हवं होतं, बावीस वर्षांची खोड ती, एकटं नाव तिला धरताच येत नव्हतं. म्हाताऱ्यानं डावीकडं पाहिलं, जिथं ती उभी राहायची. तिथं कोणी नव्हतं. मग मागं पाहिलं.

"आणि लेओबार्दो," तो म्हणाला. "हा इथं माझ्या मागं उभा आहे तो लेओबार्दो आणि तो तिकडं थंडीत उभा आहे तो एफ्राइन. लेओबार्दो आणि एफ्राइन. कासवाच्या पाठीवर दोघं."

लोक ओरडले. कोणीतरी शीळ घातली. सलाम झाला की गाणं लगेच वर घ्यायचं असतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं, पण गाणं खालीच राहिलं होतं. एवढ्या वर्षांत लेओबार्दो हे नाव त्या माइकवरून कधी गेलंच नव्हतं. यंत्रापाशी उभ्या असलेल्याला कोण सलाम देतो?

"काका," अनाही त्याच्याजवळ आली. "पप्पा तुम्हाला मागताहेत." त्याचे हात खटक्यांवर होते, म्हणून तिनंच फोन त्याच्या कानाला लावला.

तिकडून आधी नुसता श्वास ऐकू आला. मग गल्लीतला गोंगाट, उशिरानं पोचलेला, परत फिरून आलेला.

"दादा," एफ्राइन म्हणाला. "तुझं नाव घेतलं रे त्यांनी."

"हं."

"बावीस वर्षं सगळ्या कॅसेटी ऐकतोय. एकीतही नाहीस तू. मला कधी कधी वाटायचं, तूही कुठंतरी निघून गेलास आणि मला कोणी सांगितलं नाही."

लेओबार्दोनं गाणं वर घेतलं. लोक परत नाचायला लागले.

"नाही रे," तो फोनमध्ये मोठ्यानं म्हणाला. "मी इथंच होतो."